कोरम लिंबाखाली

कागदावर कांताबाई शिपाई आहे. पण आर. के. पुरमच्या आमच्या पतपेढीत कुठला जामीनदार कुठल्या सेक्टरात राहतो, त्याची बदली कधी, आणि बायको त्याला सही करू देईल का, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. बाई माण तालुक्यातली. नवरा संपतराव फौजेत, म्हणून दिल्ली कॅन्टोन्मेंटात आली. तो पेन्शनीत निघाला, ही इथंच मुरली. एकवीस वर्षं झाली, पण बोली माणची ती माणचीच. हिंदीसुद्धा त्याच चालीवर हाणते. भाजीवाले बिचारे समजून घेतात.

गेल्या साली आमच्या एक सभासद अलकनंदाबाईंच्या नवऱ्याला एकाएकी दवाखान्यात हलवावं लागलं. कांताबाईनं स्कूटी काढली आणि दोन जामीनदार गाठले. एकाची सही तर न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला फेस असताना घेतली. दुपारच्या चहाआधी कर्ज मंजूर!

आता ही चपळाई कुठल्या तक्त्यात बसवायची? सहकार खात्याचा तपासनीस आला, कॉम्प्युटर जुना बघितला, 'कार्यक्षमता असमाधानकारक' असा शेरा मारून गेला. मागोमाग पत्र आलं. यमुनापारच्या मोठ्या सोसायटीत विलीन व्हा. वेगळं राहायचं असेल, तर साठ सभासदांच्या हजेरीत तसा ठराव करून महिनाअखेर पाठवा; तहकूब सभेतला ठराव चालणार नाही. विलीन झालो की आमची खिडकी बंद, आणि कांताबाईची नोकरीही.

साठ माणसं काही अवघड नव्हती. अवघड होती आमची खोड. नियम असा, की कोरम भरला नाही तर अर्धा तास थांबायचं. मग तहकूब सभा पुन्हा भरते, तिला कोरम लागत नाही. त्यामुळं अकराची सभा म्हणजे साडेअकरा, हे आमच्या हाडात भिनलेलं. तोवर सगळे समाजसदनाच्या आवारात कडुलिंबाखाली उभे राहून वडे खाणार. अध्यक्ष सूर्यकांतरावांनी तर 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' असा लाकडी मुठीचा शिक्काच करून घेतलेला. दरसाल कोण लिहीत बसणार?

या खेपेला कांताबाई घरोघर नोटीस देऊन बजावून आली होती, "अकराला या. साडेअकरा न्हाई चालायचं."

"हो हो," सगळे म्हणाले. रविवारी आलेही झाडून. आणि लिंबाखाली थांबले.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली. सभागृहात सूर्यकांतराव धरून नऊ डोकी. कांताबाई बाहेर धावली.

"आत चला की वो! समदं बुडालं!"

"कांता आंटी, चलो, टेन्शन नका घेऊ," मंत्रालयातला अनुराग वडा उचलत म्हणाला. "बाकीचे गेले की मी बिल्कुल येतो."

"बाकीचं बी तुझ्याकडंच बगत्यात, लेकरा!"

अनुराग हसला, पण हलला नाही. कांताबाईनं एकदा घोळक्याकडं बघितलं, पदर खोचला, आत गेली आणि अध्यक्षांसमोरचं टेबल उचललं.

"अहो, हे काय?" सूर्यकांतराव दचकले. "सभा सभागृहातच व्हायला हवी."

"नोटीस म्या वाटलीया, साहेब. 'समाजसदनाच्या आवारात' असं लिवलंय. लिंब काय पल्याड मुनिरक्यात हाय?"

साहेबांनी चष्मा लावून नोटीस वाचली. तसंच होतं. वीस वर्षं तोच मजकूर ते नकलून काढत आले होते.

"आमच्या गावात कोंबडीच्या चोरीपास्नं पाझर तलावापतूर समदं पारावर ठरतंय," टेबल दारातनं आडवं काढत ती म्हणाली. "तुमी खुर्ची धरा."

अध्यक्षांनी मुकाट्यानं खुर्ची धरली. आतले आठ जण मागनं निघाले. टेबल लिंबाखाली मांडून अकरा सव्वीसला सभेची घंटी वाजली, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडात घास होता.

"सर, मी तर अजून आलोच नाही!" अनुराग म्हणाला.

"आलास. सही कर," कांताबाईनं वही पुढं केली.

संपतरावांनी परेडला करतात तशी मोठ्यानं गिनती केली. एकाहत्तर! 'आम्ही वेगळेच राहणार' हा ठराव वाचला गेला, आणि तेल लागलेले एकाहत्तर हात वर गेले. विरोधात एकही नाही. खिडकी राहिली.

सूर्यकांतरावांनी खुशीत इतिवृत्ताची वही ओढली आणि हात सवयीनं शिक्क्याकडं गेला. कांताबाईनं मनगटच धरलं.

"साहेब! आज न्हाई!"

"अरेच्चा!" ते ओशाळून हसले. "मग लिहू काय? सवय मोडली हो."

"जे झालं ते लिवा."

ते लिहू लागले. पण लिंबाच्या मुळावर टेबल डुगडुगत होतं, अक्षर नीट येईना. कांताबाईनं त्यांच्या पुढ्यातला शिक्का उचलला, खाली वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि टेबल हलवून बघितलं.

"आता बसलं," ती म्हणाली.