मागच्या सीटचा पट्टा
शरच्चंद्र आठल्ये यांनी चौसष्टाव्या वर्षी नवी गाडी घेतली ती एका आवाजासाठी. मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावला नाही, तर ही गाडी टुंग टुंग करत राहते. नव्या गाड्यांत मागच्या सीटलाही अशी सूचना देणं कंपन्यांना आता सक्तीचं झालं आहे. जुनी गाडी चांगली चालत होती, तरी ती विकली. बालीगंजच्या आमच्या इमारतीत सगळे याला वेडेपणा म्हणाले, मीही म्हणालो.

मी बँकेच्या बदलीने आलेला, वरच्या मजल्यावरचा. आठल्येकाका मात्र जन्माने कोलकात्याचे. सरकारी विमा कंपनीत तीस वर्षं त्यांचं काम एकच, अपघातातल्या गाड्या तपासायच्या. शहराबाहेर बजबज गावाकडच्या गॅरेजांत लोकलने जायचे, पिशवीत विजेरी आणि टेप. बॉनेट कोणीही बघतो. काका आधी पुढच्या सीटची पाठ बघत. तिला मागून पोचा आलेला असला, की मागे बसलेल्याने पट्टा लावला नव्हता हे त्यांना कळायचं. पोचा किती खोल, ते मोजून कागदावर लिहायचं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कागदात नसे, पण गॅरेजवाले सांगत. घरी येऊन काकांनी त्यातलं अवाक्षर कधी काढलं नाही.

घरी एवढंच म्हणायचे की पट्टा लाव, नियम आहे. मीनाक्षीकाकू वर्षानुवर्षं हे ऐकत होत्या आणि पट्ट्याविना मागे बसत होत्या. पुढे बसलं की समोरची बस अंगावर आल्यासारखी वाटते, आणि पट्ट्याने साडी चुरगळते, ही त्यांची कारणं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई, त्या नवऱ्याच्या नियमांना काय भीक घालणार.

नवी गाडी तीन दिवस वाजली आणि चौथ्या दिवशी गप्प झाली. जे मला उभ्या जन्मात जमलं नाही ते गाडीने केलं, असं काका मला खुशीत सांगून गेले. खरा प्रकार मी एकदा काकूंच्या शेजारी बसलो तेव्हा पाहिला होता. काकू आधी पट्टा खटकन अडकवत आणि मग त्याच्यावर पाठ टेकून बसत. दुसऱ्यांच्या गाड्यांतले पोचे मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीत एकदा मागे वळून बघू नये, याचा मला रागच आला. पण बोललो नाही. नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, गणपती आणायला गेलो. काकू दरवर्षी फोटो देऊन मूर्ती करवून घेतात, नाहीतर तिथला कारागीर त्याच्या बंगाली पद्धतीने घडवतो. गुडघ्यामुळे यंदा त्यांना मूर्ती मांडीवर घेता येईना, म्हणून ती पाटासकट शेजारच्या सीटवर ठेवली. मी पुढे, काकूंच्या समोरच्या सीटवर बसलो. गाडी निघाली आणि टुंग टुंग सुरू झालं. मूर्तीचं वजन गाडीला माणसाचं वाटत होतं.

सियालदहपर्यंत कसंबसं सोसलं. मग रंग खरवडला जाऊ नये म्हणून काकूंनी मध्ये पंच्याची घडी घातली आणि मूर्तीला पट्टा लावला. "ब्रेक लागला तर पडेल हो," त्या म्हणाल्या.

काकांनी गाडी डावीकडे घेऊन थांबवली आणि वळून बघितलं. काकूंचा पट्टा पाठीमागे होता. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, तरी काका हलले नाहीत.

"मूर्ती तर दीड दिवसाने आपण पाण्यातच सोडणार," ते म्हणाले. "तिला पट्टा लावलास. तुला काही झालं तर मी काय करू? मला भीती वाटते गं. रोज वाटते."

भीती हा शब्द आजवर त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मी समोर काचेकडे बघत राहिलो. मागे खटका सुटला, थोडा वेळ पुन्हा टुंग टुंग झालं, मग पट्टा रेशमावरून ओढल्याचा आवाज आला. काकू म्हणाल्या, चला आता.

घरी पोचलो तेव्हा टसरच्या साडीवर छातीपासून कमरेपर्यंत चुण्यांचा पट्टा उमटला होता. काकूंनी तो झटकला नाही. काकांनी मूर्ती उचलण्याआधी माझ्या सीटच्या पाठीवरून मागच्या बाजूने हात फिरवला. ती सपाट होती.