थेंब घातले

बोर्गहिल्ड बाळंतिणीच्या खाटेवर कधी बसली नाही. हात कोपरापर्यंत धुवायची आणि घरातल्या टॉवेलला न पुसता तसेच वाळू द्यायची. गरिबाघरी कॉफीचा दुसरा पेला घेत नसे. रिकामा पेला बशीत पालथा घालायची. होडी स्वतः वल्हवायची. बाळ कुणासारखं दिसतं यावर मत देत नसे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "नाक कुणाचं ते मी बघत नाही. श्वास चालतोय का, तेवढं बघते." आणि घरी परतल्यावर ओला कोट उतरवायच्या आधी वही भरायची.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या बेटावर तिने एकतीस वर्षं सरकारी सुईण म्हणून काढली. लग्न केलं नाही. तिशीच्या आतली बहुतेक माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात.

तिच्या पिशवीत एक तपकिरी बाटली असे. आईच्या अंगात परमा हा गुप्तरोग असला तर तो जन्मताना बाळाच्या डोळ्यांत उतरतो आणि चार-सहा दिवसांत डोळे खाऊन टाकतो. म्हणून प्रत्येक बाळाच्या दोन्ही डोळ्यांत त्या औषधाचा एकेक थेंब घालायचा, असा नियम होता. रोग बंदरातून यायचा, म्हणून बेटावर त्याला 'बंदराचं पाणी' म्हणत. कोळ्यांच्या घरी ती न विचारता थेंब घालायची. तिथल्या बायका चेष्टा करत.

"घाला, घाला," आस्ता नावाची एक जण म्हणाली होती. "आमचे हे बंदरात नुसतं बायबल वाचत बसतात."

प्रार्थनाघराच्या मंडळींकडे मात्र बाटली पिशवीतच राहायची. ती माणसं दारूला शिवत नसत, नाचत नसत, पत्ते हातात धरत नसत. त्यांच्या घरी बाटली काढणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. ही रीत तिला आधीच्या सुईणीने, म्हाताऱ्या मारेनने शिकवली.

"एकदा काढलीस की पुढच्या खेपेला बोलावणार नाहीत," मारेन म्हणाली होती. "पलीकडच्या बेटावरची सुईण येईपर्यंत बाई मरेल. मग तुझा नियम काय चाटायचाय?"

"आणि वहीत काय लिहू?"

"थेंब घातले, असं लिही. वही डॉक्टर बघतो. त्याला काय कळतंय."

बोर्गहिल्ड तसंच लिहीत गेली. वीस वर्षं काही बिघडलं नाही.

१९३६ च्या मार्चमध्ये तोर्लाइव्हच्या घरून बोलावणं आलं. तोर्लाइव्ह हेरिंग मासे खारवून विकायचा, हिवाळाभर बर्गन शहरात असायचा आणि रविवारी प्रार्थनाघरात प्रवचन करायचा. बायको राग्ना सत्तावीस वर्षांची. पहिलटकरीण. सोळा तासांनी मुलगी झाली. राग्नाला लगेच गाढ झोप लागली. शेजारच्या खोलीत तोर्लाइव्ह आभार मानत गुडघ्यांवर होता.

बोर्गहिल्डचा हात पिशवीत गेला. का गेला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. राग्नाच्या अंगावरून जे जात होतं त्याचा रंग तिला आवडला नव्हता, एवढंच. बाटली बोटांना लागली.

"काय शोधताय?" सासूने विचारलं. म्हातारी बाळाला धरून उभी होती आणि पिशवीकडे बघत होती.

"काही नाही. दोरा."

"दोरा खाटेवर आहे."

बोर्गहिल्डने पिशवी मिटली.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या पापण्या सुजल्या. चौथ्या दिवशी पू वाहू लागला आणि समुद्र खवळला. डॉक्टर सातव्या दिवशी पोचला. त्याने पापण्या उघडून पाहिल्या. आत दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा आला होता. मग त्याने वही मागितली आणि तिथेच, राग्नाच्या पायथ्याशी उभं राहून, मोठ्याने वाचली.

"थेंब घातलेत ना?"

"लिहिलंय तसं," बोर्गहिल्ड म्हणाली.

डॉक्टरने तोर्लाइव्हच्या काळ्या कोटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या वचनाकडे पाहिलं. अशा घरात, आणि वर थेंबही घातलेले. पुढचा प्रश्न विचारायची त्याला लाज वाटली. त्याने 'वाऱ्याने झालेला दाह' असं लिहिलं. राग्नाला कुणी तपासलं नाही. तिला ताप होता, ओटीपोट दुखत होतं. बाळंतपणात दुखायचंच.

"मी पोटुशी असताना किल्लीच्या भोकातून बघितलं होतं," महिन्याभराने राग्ना म्हणाली. "सासूबाई म्हणतात, त्यानंच झालं."

"असलं काही नसतं."

"मग कशानं झालं?"

बोर्गहिल्ड बाळाची दुपटी घडी करत राहिली.

मुलीचं नाव सिनोवे. तीन वर्षांनी राग्नाला पुन्हा दिवस राहिले. या वेळी गर्भ नळीतच अडकला. बोर्गहिल्ड तिला बोटीतून बर्गनला घेऊन गेली, तोर्लाइव्ह तिथेच होता. शस्त्रक्रियेनंतर सर्जन व्हरांड्यात आला.

"डावी नळी काढली. उजवीही जुन्या पुवाने चिकटत आलीय," तो तोर्लाइव्हला म्हणाला. "कशाने, ते तुम्हाला ठाऊक असेल."

तोर्लाइव्ह टोपी फिरवत राहिला. "हिला सांगू नका."

सर्जनने मान डोलावली. मग तोर्लाइव्हने बोर्गहिल्डकडे पाहिलं. तिनेही डोलावली. पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात तो म्हणाला की देवाने आमच्या घराचं एक दार बंद केलं आहे, त्याची इच्छा. बायका रडल्या.

युद्ध आलं, गेलं. परम्याला आठवड्यात घालवणारी नवी औषधं निघाल्याचं बोर्गहिल्डने सुईणींच्या मासिकात वाचलं. मासिक तिने घडी करून ठेवून दिलं.

१९४७ च्या सप्टेंबरात, तिच्या निवृत्तीच्या महिन्यात, राग्ना बटाट्याच्या पोळ्या घेऊन आली. अडतीस वर्षांची बाई नव्या नवरीसारखी लाजत होती.

"सुईणबाई, कुणाला बोलू नका हं. सहा आठवडे झालेत."

"कुठं दुखतंय का?"

"उजवीकडे जरासं. मागच्या वेळी डावीकडे दुखायचं. हे वेगळं आहे."

बोर्गहिल्डने पेला खाली ठेवला. "उद्याच्या बोटीनं बर्गनला चल. मी येते बरोबर."

"म्हणजे परत पोट फाडायचं? मागचं बाळ नेलंच की त्यांनी."

"ते वाढणार नव्हतं. हेही तिथंच अडकलं असलं तर तू मरशील."

"आणि नसलं तर? देव दोनदा देतो का?"

बोर्गहिल्ड उठून खिडकीशी गेली. तिथूनच बोलली. "देवाचा यात संबंध नाही, राग्ना. तुझ्या नळ्या रोगानं खराब झाल्यात. तोर्लाइव्हनं शहरातून आणला तो. सिनोवेचे डोळेही त्यानंच गेले."

राग्ना हलकेच हसली.

"तुम्ही थकलात, बाई. त्या रोगासाठीच तर ती बाटली असते. आस्तानं सांगितलंय मला. थेंब घातले की तो डोळ्यांना शिवत नाही. आणि माझ्या लेकीला तुम्ही घातले होते. डॉक्टरांनी माझ्यासमोर वही वाचली."

चुलीवर कॉफी उतू गेली. कुणी उठलं नाही.

"घातले होते ना?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर राग्ना बोटीत बसली असती. आणि सिनोवेला आंधळं करणारी बाई कोण, ते बेटाला कळलं असतं.

"हो," बोर्गहिल्ड म्हणाली.

"मग झालं तर." राग्नाने शाल ओढून घेतली. रागावली नव्हती. जाताना तिने बोर्गहिल्डच्या हातावर थोपटलं. "चांगल्या माणसावर उगाच आळ घेऊ नये."

नवव्या दिवशी दुपारी राग्ना कपडे वाळत घालता घालता कोसळली. नळी फुटली होती. रक्त सगळं आतल्या आत. बोट धक्क्याला लागेपर्यंत ती गेली.

कबरीशी सासूने बोर्गहिल्डचा हात हातात घेतला. "तुमचे फार उपकार आहेत आमच्या घरावर," म्हातारी म्हणाली, आणि हात जरा जास्तच घट्ट दाबला.

त्या हिवाळ्यात बोर्गहिल्डने एकतीस वर्षांच्या वह्या टेबलावर मांडल्या. त्या दुरुस्त करून डॉक्टरकडे द्यायच्या होत्या. प्रार्थनाघराच्या मंडळींचं एकेक बाळंतपण ती शोधायची, 'थेंब घातले' वर पट्टी ठेवून रेघ मारायची, शेजारी 'घातले नाहीत' असं लिहून तारीख आणि सही करायची. दिवसाला दोन किंवा तीन. १९३६ चं पान तिला आधी काढता आलं असतं. ती १९१६ पासून ओळीने निघाली. दुरुस्ती पहिल्यापासून करावी, असं तिने स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीत तिचं हृदय टेबलाशीच थांबलं. शेवटची रेघ १९३१ च्या नोव्हेंबरातली आहे, अर्ध्यावर. त्यानंतरची पानं जशीच्या तशी आहेत. राग्नाच्या नावापुढे लिहिलंय: मुलगी, सव्वातीन किलो, थेंब घातले.