मागच्या कव्हरवरची नीलम

२१ जानेवारी २०२५ रोजी ४,६३७ रुपये भरून थाटीपुरच्या शालिनीताईंनी कुरिअरवाल्याकडून एक रेकॉर्ड सोडवून घेतली. घरात ती वाजवायचे यंत्र नव्हते. त्यांना फक्त मागचे कव्हर पाहायचे होते.

१९७८ साली मुरारच्या क्लबात वाजवणाऱ्या एका बँडने दिल्लीला जाऊन आठ इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड भरली होती. अमेरिकन सोल संगीताच्या धाटणीची, संथ, जीव ओवाळून टाकणारी प्रेमगीते. तेव्हा कुणी विचारले नाही. आता एका जर्मन कंपनीने तीच रेकॉर्ड नव्याने काढली आणि तिकडे लोकांच्या उड्या पडल्या. आठही गाणी शालिनीताईंनी गायली होती. कव्हरवर छापले होते : ‘गायिका नीलम. पूर्ण नाव माहीत नाही. हयात नसावी.’

“बघ, मारूनही टाकलं मला,” त्या भाचीला, गरिमाला म्हणाल्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कुजबुजण्यापुरताच उरला होता.

नीलम हे नाव वडिलांच्या, महिपतरावांच्या हट्टापायी घ्यावे लागले होते. सरदारांच्या पदरी तलवार गाजवलेले घराणे, आणि मुलगी क्लबात गाणार, हे त्यांच्या पचनी पडेना. शालिनीताईंनी चार दिवस अन्न टाकले, तेव्हा ते नमले. “पण कोणाची मुलगी, ते कळता कामा नये. नाव बदल. आणि तिथं मराठीत तोंड उघडायचं नाही.” पाठराखणीला भाऊ समरजीत जाई, तोही तिथे हिंदीच बोले. शालिनीताईंनी अट तंतोतंत पाळली. रेकॉर्ड भरल्यावर दोन महिन्यांत त्यांचे लग्न झाले आणि गाणे कायमचे बंद पडले. आता समरजीतही उरला नव्हता.

गरिमाने कंपनीला पत्र पाठवले. उत्तर आले : बँडमधल्या कुणी ओळख पटवली, तर दुसऱ्या आवृत्तीत खरे नाव छापू. मुदत २८ फेब्रुवारी. बँडमधले एकच जण हयात होते, मुरारचे पियानोवाले मधुसूदनराव. दोघी त्यांच्याकडे गेल्या.

“नीलम?” चहाचा कप खाली ठेवत ते हसले. “अहो, ती पंजाबी! मराठीचं एक अक्षर येत नव्हतं तिला. तिच्या तोंडावर मराठीत थट्टा करायचो मी तिची. कळलं असतं तर कानाखाली वाजवली असती.”

“सगळं कळत होतं,” शालिनीताई मराठीत म्हणाल्या. “माझ्या नाकाला भजं म्हणायचात तुम्ही.”

“ते मी कंपनीच्या मुलाखतीतही सांगितलंय. रेकॉर्डबरोबरच्या पत्रकात छापलंय. कुणीही वाचून सांगेल,” मधुसूदनराव म्हणाले.

“आजोबा, पूरी बात तो सुनिए,” गरिमा तिच्या सवयीच्या हिंदीत म्हणाली.

“ऐकतो की. बाई, एक ओळ म्हणा. चार सुरांत ओळखीन.”

शालिनीताईंनी तोंड उघडले. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

मधुसूदनराव हळूच म्हणाले, “महिन्याभरात ‘मीच नीलम’ म्हणत तुम्ही तिसऱ्या आलात. पहिली निदान गात तरी होती.”

“आत्या, चलो,” गरिमा म्हणाली.

म्हातारबुवा फाटकापर्यंत पोचवायला आले. शालिनीताईंना हात धरून ऑटोत बसवले आणि गरिमा नको नको म्हणत असतानाच ऑटोवाल्याच्या हातात साठ रुपये ठेवले. “राहू दे गं. दमल्यात त्या.”

मार्चअखेर दुसरी आवृत्ती निघाली. कव्हरवरचा मजकूर तोच होता.

मधुसूदनरावांचे साठ रुपये अजून दिलेले नाहीत.