काकी हरली ती ग्रामसभा

सकाळी कॉलेजला शिकवायला निघायच्या गडबडीत गावाकडनं शोभाचा फोन आला. एरवी ती आधी जेवणखाण, पाऊसपाणी, ऊस सगळं विचारून मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी एकदम म्हणाली, "ताई, काकी गेल्या. झोपेतच. चेहरा अगदी शांत हाय..." मग जरा थांबून, "पहिल्यांदाच." रडता रडता आम्हा दोघींनाही हसू फुटलं. माझी विमलकाकी ऐंशीच्या घरात होती आणि शांत या शब्दाशी तिचा उभ्या आयुष्यात संबंध आला नव्हता.

काकीचं माहेर कोडोलीचं. लग्न होऊन शिरोळ तालुक्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात आली ती खणखणीत आवाज घेऊनच. काका उसात रमलेले, मितभाषी. काकीनं सोप्यात शिवणाचा क्लास काढला. गावातल्या पोरी, नव्या सुना ब्लाऊज बेतायला यायच्या. नागरिकशास्त्र शिकायला कुणीच येत नव्हतं. पण तिथला पंखा किती वाजता बंद करायचा, खिडकी उघडायची की नाही, रेडिओवर काय लावायचं, सगळं चर्चा करून ठरायचं. जिच्या गळ्यात मापाची टेप, तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पटलं नाही तर टेप मागून घ्यायची. "नुस्तं 'मला न्हाय पटत' म्हणून भागायचं न्हाय," काकी गरजायची. "का न्हाय पटत, ते सांग की!" फोन करणारी ही शोभा गावात नवी सून होती तेव्हा मान वर करत नसे. एका दुपारी तिनं टेप मागितली, आणि खाली बघतच म्हणाली, "क्लास धारा काढायच्या वेळंला येतोय. सासूबाई बोलतात. जरा अलीकडं घ्या." काकीनं वेळ बदलली. शोभा सांगते, त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते म्हणून.

मी कोल्हापुरात शिक्षणशास्त्र शिकवते. शाळेबाहेर माणूस जे शिकतो त्यातून जागा नागरिक कसा घडतो, आणि ते घडलंय हे ओळखायचं कसं, या अभ्यासाचं काम बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या विभागाकडं आलं. मला काकीचा क्लास आठवला. गेले, बायकांना प्रश्न विचारले. मतदान करता का? तक्रार कुठं करायची माहीत आहे का? ग्रामसभेला जाता का? धडाधड बरोबर उत्तरं आली. मी खूश. काकी मात्र मशीनवर बसून गालात हसत होती.

"पोरी, पावणी आलीय म्हणून गोड बोलल्या त्या," बायका गेल्यावर ती म्हणाली.

"मग मोजायचं कसं?"

"न्हाय मोजता येत. छातीचं माप घेता येतंय, छातीतल्या धाडसाचं न्हाय."

"येतं, काकी. विचारून नाही, पण बघून येतं."

"लाव पैज! हरंल तिनं सगळ्या क्लासला जिलेबी."

पैज तशीच राहिली, कारण पुढच्या पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली. लहान पोरं, म्हाताऱ्या, म्हशी घेऊन माणसांना कुठं जावं सुधरेना. पाणी ओसरल्यावर गावानं निवारा बांधायचं ठरवलं. काका जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. काकीनं घरामागची उंचावरची जागा काकांच्या नावानं द्यायचं मनात पक्कं केलं. सगळ्यांना सांगत सुटली. तिला नाही म्हणणारं गावात कुणी नव्हतं.

मी मुद्दाम ग्रामसभेला गेले. काकीनं जागा जाहीर केली, टाळ्या पडल्या, सरपंच ठराव वाचायला लागले आणि बायकांच्या बाजूनं शोभा उठली. आवाज कापत होता.

"मला बोलायचंय. काकींची जागा उंच हाय, पण तिकडं जायचा रस्ता ओढ्यातनं जातोय. पूर आला की पयला तोच बुडतोय. जागा कोरडी ऱ्हाईल, पण आम्ही पोचणार कशा? निवारा माळावर पायजे."

काकी उठली. "शोभे, माझ्या नवऱ्याच्या नावानं देतोय मी. तुला कळतंय का काय बोलाय लागलीस?"

शोभाचे डोळे भरले. पण ती खाली बसली नाही. "कळतंय, काकी. काका मलाबी बापासारखे होते. पण माझी पोरगी मागल्या वेळंला खांद्यावर होती आणि पाणी माझ्या छातीला लागलं हुतं... म्हणून न्हाय पटत."

हात वर झाले. माळाच्या बाजूनं जास्त. शेवटी काकांच्या मोठ्या भावानं, म्हणजे माझ्या वडिलांनीही तिकडंच हात केला.

घरी येईस्तोवर काकी अवाक्षर बोलली नाही. तिला गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं भीतीच वाटली. पायऱ्यांवर बसली, चपला काढल्या, पदरानं डोळे पुसले. काकांचा विषय होता, लागलंच असणार. मग एकदम म्हणाली, "काय बोलली गं शोभी! आवाज कापाय लागलता, पर बसली का? न्हाय बसली!" आणि गल्ली ऐकेल असं हसायला लागली. "जा, जिलेबी सांगून ये. पैज मी हरलो."

दुसऱ्या दिवशी शोभा क्लासला येईल का, याची मला धाकधूक होती. ती आली. काकीनं तिच्या हातावर पहिली जिलेबी ठेवली आणि लगेच बाहीचा बेत चुकवला म्हणून झापलंही. अभ्यासात मी मग तेच लिहिलं. कायद्याची कलमं किती पाठ आहेत ते बघू नका. जिचे आपल्यावर उपकार आहेत तिच्यासमोर माणूस कारण देऊन 'नाही' म्हणू शकतो का, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांसमोर येऊ शकतात का, ते बघा.

पुढं पुन्हा पाणी आलं. ओढ्याचा रस्ता आधी पाण्याखाली गेला. काकीला शोभाच्या नवऱ्यानं ट्रॅक्टरवरनं माळावरच्या निवाऱ्यात नेलं. तिथं बसून काकीनं चहा पातळ आहे, सतरंजी टोचते अशा तक्रारी केल्या आणि मला फोनवर ओरडून सांगितलं, "आम्ही सगळी कोरडी हाय! जागा बरी निवडली बघ पोरींनी!"

काकीच्या शोकसभेला मी गेले ती याच निवाऱ्यात. भाषणं झाली, हुंदके झाले. शोभानं निवाऱ्याला काकींचं नाव द्यायचं सुचवलं. माना डोलल्या. तेवढ्यात मागून तिचीच लेक उठली, ती आता कॉलेजात आहे.

"आई, मला न्हाय पटत. पत्रा गळतोय. नाव दिलं की हार घालाय समदी येतील, पत्रा बदलाय कोण येणार? पयला पत्रा. नावाचं मग बघू."

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, अगं, आज तरी... शोभानं पदर खोचला.

"बरं. हात वर करा," ती म्हणाली.

नावाचा ठराव पडला. शोकसभेत हसू नये म्हणतात, पण मी पदर तोंडाला लावून मनसोक्त हसले. पत्र्याचं काम पुढच्याच आठवड्यात सुरू झालं.