घोंगल्याफोडाचा शार्प फोटो

“काका, ह्यात पाय कुठे आहे?”

नागपूरचे पक्ष्यांचे डॉक्टर फोनवर विचारत होते. मी पाठवलेले सगळे फोटो त्यांनी पाहिले होते आणि एकातही त्यांना पाय सापडला नव्हता. आयुष्यभर अड्याळ-पवनीकडची लग्नं काढली मी. नवरदेवाच्या फेट्याची टाचणीसुद्धा दिसेल असे फोटो दिले. आणि आता गावच्या तलावावरचा एक पक्षी मला नापास करत होता.

पक्षी म्हणजे घोंगल्याफोड. करकोच्याच्या जातीचा. पाण्यातल्या घोंगल्या, म्हणजे गोगलगायी, चोचीने उकलून खातो, म्हणून हे नाव. हे थव्याने राहणारे पक्षी. थवा आला, चरला, पुढे गेला. हा एकटाच मागे राहिला. एक पाय वर धरून उभा राहायचा आणि फार दूर उडायचा नाही.

आमच्याकडच्या वनरक्षक रामटेके मॅडमनी त्याला पाहिलं आणि माझ्या स्टुडिओत आल्या. गावात लांब लेन्स माझ्याकडेच होती. सुमन, माझी बायको, गेल्यावर मी लग्नाच्या ऑर्डरी घेणं सोडलं आणि वेळ घालवायला ही जुनी लेन्स घेतली.

“भाऊ, डॉक्टर म्हणतेत, हाड मोडलं असन त धरण्यात फायदा नाही, धरतानीच मरन. जाळ्याचा दोरा गुतला असन त टीम घेऊन येतो म्हणतेत. मले दुरून काही समजत नाही. तुम्ही फोटो काढून द्या.”

“मॅडम, पक्ष्याले बसवून फोटो नाही काढता येत.”

“मंग तुम्ही बसा ना!”

बसलो. पहिल्या दिवसाचे सगळे फोटो हललेले आले. कारण साधं होतं, पण माझ्यासारख्या जुन्या खोडाच्या लवकर लक्षात येईल तर शपथ. शटर ही कॅमेऱ्याची पापणी. ती किती वेळ उघडी राहते त्यावर फोटो हलतो की नाही ते ठरतं. लग्नात फ्लॅश असतो, त्यामुळे सेकंदाचा सव्वाशेवा भाग चालून जातो. माझं बोट सवयीने एकशेपंचवीसवरच गेलं होतं. इथे फ्लॅश पोचत नाही, आणि लांब लेन्स पक्ष्याबरोबर तुमच्या हाताची थरथरही मोठी करून दाखवते. म्हणून शटर हजारच्या वर ठेवायचं. उजेड कमी असला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायचा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी शटर सुधारलं तर वेळ चुकली. भर दुपारी पाण्यावरची हवा लवलवते. त्या हवेतून लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. शिवाय मी उभ्याने काढत होतो, त्यामुळे पक्ष्याची पाठ तेवढी दिसे आणि पाय गवतात.

मग सकाळी जायला लागलो. ऊन पाठीशी घेऊन, तलावाच्या पाळीवर बेशरमच्या झुडपाआड पोटावर पडायचं. कापडी थैलीत धान भरून तिच्यावर लेन्स टेकवली. ट्रायपॉडपेक्षा झकास. फोकसचे सगळे पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा समोरचं गवतच पकडतो, म्हणून मधला एकच ठेवला. तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा असं सगळे शिकवतात. डॉक्टरांना तर पाय हवा होता. पण पक्षी आपल्याला आडवा उभा असला की डोळा आणि पाय सारख्याच अंतरावर येतात, दोन्ही शार्प मिळतात. तेव्हा तो आडवा होईपर्यंत थांबायचं. त्याला काही ‘मामा, जरा डावीकडे सरका’ म्हणता येत नाही.

आणि बऱ्याच वेळाने तो झाला आडवा. पाय वर घेतला. फ्रेममध्ये गवताची काडी नाही. बोट बटणावर गेलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “रेडी?”

झालं! पंख फडफडवत गडी पलीकडच्या काठावर.

हसू नका. लग्नात प्रत्येक फोटोआधी मी ‘रेडी?’ म्हणायचो आणि बाजूला लाइट धरून उभी असलेली सुमन म्हणायची, “हो, घ्या.” ती म्हणेपर्यंत मी बटण दाबत नसे. त्या सकाळी माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता. आदल्या दिवशीही मुलीला फोनवर ‘जेवलो’ म्हटलं तेवढंच बोलणं. पक्षी उडाल्याचं वाईट वाटलंच. पण तो उडून गेल्यावरही मी पालथा पडून उत्तराची वाट पाहत होतो, ते मला जास्त लागलं. त्या पाळीवर एवढं एकटं वाटलं की सामान आवरायलाही हात उचलेना.

दुसऱ्या दिवशी तोंडाला दुपट्टा करकचून बांधून गेलो. पक्षी आला, आडवा झाला, पाय उचलला. मी गप्प. दाबलं.

फोटो मोठा करून पाहिला. हाड सरळ होतं. बोटांच्या वर हिरवा नायलॉनचा दोरा, मासोळीच्या जाळ्याचा, मांसात रुतलेला.

“काका, गाठसुद्धा दिसतेय!” डॉक्टर म्हणाले. “उद्या निघतो आम्ही.”

ते आले, त्यांनी त्याला अलगद धरलं, दोरा कापला आणि जखम भरायला नागपूरला नेलं. बरा झाल्यावर पुन्हा आमच्याच तलावावर सोडायला आणला. थवा तेव्हा पवनीकडे वैनगंगेच्या पात्रात उतरलेला होता.

सोडायच्या वेळी माझी तयारी चोख होती. सकाळचं ऊन पाठीशी, शटर दोन हजार. खोक्याचं झाकण उघडलं. पक्षी बाहेर येऊन उभा राहिला. आता त्याने उडावं अशीच सगळ्यांची इच्छा, तेव्हा तोंड बांधायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, “रेडी?”

मागून रामटेके मॅडम सहज म्हणाल्या, “हो, घ्या.”

घोंगल्याफोड उडाला. तलावावरून एक फेरी मारली आणि नदीच्या दिशेने गेला. मी बटण दाबलं होतं. मॅडम स्क्रीन पाहायला आल्या.

“काहून जी भाऊ, हा त पुरा धुकट आला. आता त सगळं बरोबर होतं!”

“फोकस चुकला,” मी म्हटलं.

खोटं बोललो. डोळे असे भरले होते की मला पक्षीच दिसत नव्हता.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्यांनी एवढं करावं. शटर हजारच्या वर, ऊन पाठीशी, लेन्स धानाच्या थैलीवर आणि तोंडाला दुपट्टा. फोटो शार्प येतो. कधी नाहीच आला, तर पक्षी उडाला ना, तेवढं पाहून घरी यावं.