व्याह्यांचे सात दगड

एका शनिवारी सकाळी मी माझ्या व्याह्यांचे सात पूर्वज उपटले आणि वाफ्याच्या कडेला ओळीने लावून टाकले.

आमच्या अन्विताच्या लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. तिचे सासरे वॉल्टर यांचं शेत अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटाच्या घरापासून तासाभरावर. शेताच्या टोकाला त्यांच्या घराण्याची खासगी दफनभूमी. तिथलं गवत ते दर आठवड्याला स्वतः कापायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते बंद पडलं. मी नुकताच रिटायर झालेलो (म्हणजे घरात सगळ्यांच्या पायात येणारा). म्हणालो, "गवतच काढून टाकू. फ्लॉक्स लावू. जमिनीवर पसरतं, फुलतं, कापायची भानगड नाही."

वॉल्टरना पटलं. ते घरी पाय वर करून बसले, आणि मी व माझी बायको सुनंदा कामाला लागलो. गवत मरावं म्हणून त्यावर पुठ्ठे अंथरायचे, वर लाकडाच्या भुशाचा थर, आणि भोकं पाडून रोपं. कोरीव थडग्यांना मी हात लावला नाही. पण मधेमधे काही ओबडधोबड दगड अर्धवट गाडलेले होते, त्यामुळे पुठ्ठा नीट बसेना. सातही काढले आणि वाफ्याला झकास बॉर्डर केली.

दुपारी वॉल्टर कुबड्या घेऊन बघायला आले. फाटकाशीच थांबले. मला वाटलं, भारावले.

"हे दगड कुठून आणलेत?"

"इथलेच. मधे येत होते."

"ती माझ्या आजोबांची भावंडं आहेत," ते हळूच म्हणाले. "लहानपणीच गेली. नाव कोरून घ्यायची ऐपत नव्हती."

सुनंदा कानाशी पुटपुटली, "अहो, मुलीला त्या घरात नांदायचंय."

"परत लावतो," मी म्हणालो.

"कुठला कुठे होता, आठवतंय?"

मी भुशाकडे पाहिलं. सगळीकडे सारखाच दिसत होता.

मग रोपं काढली, भुसा ओढला, पुठ्ठे उचलले. खाली सात खड्डे सापडले. वॉल्टर खुर्चीत बसून कुबडीने दाखवत होते. "ती एडा. नाही, तो खड्डा रूथचा. पन्नास वर्षं यांना वळसा घालून मशीन फिरवलंय मी." मी प्रत्येकाला सॉरी म्हणत होतो, सुनंदा नमस्कार करत होती. सहा जण बसले. सातवा काही केल्या बसेना. ढकलला, फिरवला, तरी डुगडुगतच होता. वॉल्टरनी डोळे मिटले. मला तर अन्विता बॅगा घेऊन दारात उभी दिसायला लागली.

"अहो, उलटा आहे तो," सुनंदा म्हणाली.

मी त्या बिचाऱ्याला डोक्यावर उभं केलं होतं. सुलटा केला, तसा तो मुकाट आत गेला.

वॉल्टरनी कुबडीने तो दगड ढोसून पाहिला. मग म्हणाले, "तुमच्या दोघांसाठी इथे जागा ठेवायचं मनात होतं. अजूनही आहे. फक्त तुमच्या दगडावर नाव मोठ्या अक्षरांत कोरून घेऊ. पुढेमागे कोणाला बाग करायची हौस आली तर?"

मान हलवून थँक्यू म्हणालो.

गाडीत सुनंदाने विचारलं, "आपल्यात दहन करतात, हे सांगितलं नाहीत त्यांना?"

"नाही," मी म्हणालो. "आज त्यांनी मला जिवंत पुरलं नाही, यातच मी खूश होतो."