जबरदस्ती नाही

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. सतरंजीवाल्या सरांची नोकरी माझ्या एका शब्दानं गेली. तो शब्द ‘हो’.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाला दहा-बारा वर्षं झाली असतील. सर उस्मानाबादेत आमच्या मराठी विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढून सतरंजी अंथरली. प्राध्यापक खाली, आम्हीही खाली. एका जुन्या प्राध्यापकांनी नाक मुरडलं, “अशानं पोरं डोक्यावर बसतील.”

“आधी शेजारी तर बसू द्या,” सर म्हणाले.

मराठी विषय सोडला तर सरांचं सगळं शिक्षण हैदराबादेत, उर्दूत झालेलं. बोलण्याच्या भरात ‘ती पुस्तक’ म्हणून जायचे. मुरूमचा सुदाम हळूच म्हणायचा, “सर, ते पुस्तक.” लगेच सर कान पकडून त्याच्यापुढं बसायचे, “आज मी तुझा शागीर्द. बोल.” आम्ही पोट धरून हसायचो. ‘अदब ठेवा, अंतर नको’ हे त्यांचं पालुपद.

सुदाम गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. मी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरचा.

माघातल्या एका शनिवारी सरांनी सगळ्या विभागाला जळकोटकडच्या एका शेतात हुरड्याला नेलं. आगटीपाशी सुदाम बसला होता. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून तो ज्याच्या त्याच्या हातावर हुरडा घालत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, “पुजारीबुवा, भाजंल बरं का! का नैवेद्य दावून घेता?” सगळे हसले. सर आपल्या हातावरचा हुरडा खाण्यात दंग होते. मी हात पुढं केला. तसा गोड हुरडा पुन्हा खाल्ला नाही.

आठवड्यात बातमी घरी पोचली. वडील तडक कॉलेजात आले. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, “सरांनी जबरदस्ती केली का?” वडील माझ्याकडं बघत होते.

मी ‘हो’ म्हणालो.

लेखी माफी मागा, हे शनिवारचे उद्योग बंद करा, असं सरांना सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या अक्षरात सूचना होती : ‘येत्या शनिवारी पुन्हा हुरडा. येईल त्यानं यावं. जबरदस्ती नाही.’ शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ. प्राचार्यांनी पुसायला लावली, सरांनी पुन्हा लिहिली. प्राचार्य म्हणाले, “अहो, नोकरी जाईल.”

“जाऊ द्या. हुरड्याची माफी मी मागत नसतो.”

त्या शनिवारी विभाग गेला. मी गेलो नाही.

उन्हाळ्यात सरांना काढलं. एस.टी. स्टँडवर सगळी पोरं जमली होती. सतरंजी सुदामच्या खांद्यावर होती. मी लांबूनच नमस्कार केला. सरांनी बघितलं आणि गर्दीतून हाक दिली, “अरे, एवढ्या लांबून? अंतर कशाला?”

मी तिथंच उभा राहिलो. गाडी गेली.

सर आता नाहीत, वडीलही नाहीत. सुदाम आहे. कोणी मला जबरदस्ती केली नव्हती, हात मी आपणहून पुढं केला होता. एवढं एक वाक्य मी सरांचं देणं लागतो, आणि ते सुदामसमोर बसून म्हणायचं अजून राहिलं आहे.